सातारा-सांगलीच्या १६ जागा : २०१४, २०१९, २०२४ चा पक्षनिहाय तक्ता नेमका मांडायचा कसा?

येरळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येकी ८ अशा १६ विधानसभा जागांचा तीन निवडणुकांचा तक्ता करायला घेतलाय. वाचनालयाच्या फलकावर लागणार आहे, म्हणजे एक आकडा जरी चुकला तरी पारावरची मंडळी सोलून काढणार. तीन ठिकाणी अडलंय.

पहिलं : २०१९ ला राष्ट्रवादी एक होती, शिवसेना एक होती. २०२४ ला दोन्हींचे दोन-दोन तुकडे. मग फलटण किंवा वाई 'राष्ट्रवादीने राखली' असं लिहायचं, की 'आघाडीने गमावली'?

दुसरं : सांगली शहराची जागा काँग्रेसच्या बंडखोरीमुळे गेली, असं जो तो म्हणतो. हे आकड्यांत तपासता येतं का?

तिसरं : गावनिहाय मतं कुठून घ्यायची आणि दोन निवडणुकांची एकमेकांशी जुळवायची कशी?

'लाट होती', 'पैसा वाटला' वगैरे चर्चेसाठी दुसरे धागे आहेत. इथे फक्त हिशोब.

---

कोयनेचं_पाणी

आधी नुसत्या बेरजा घ्या, मग त्या किती फसव्या आहेत ते बघू.

सातारा जिल्हा. २०१४ : राष्ट्रवादी ५, काँग्रेस २, शिवसेना १. २०१९ : राष्ट्रवादी ३ (फलटण, वाई, कराड उत्तर), भाजप २ (माण, सातारा), शिवसेना २ (कोरेगाव, पाटण), काँग्रेस १ (कराड दक्षिण). २०२४ : भाजप ४ (माण, सातारा, कराड उत्तर, कराड दक्षिण), शिंदेंची शिवसेना २ (कोरेगाव, पाटण), अजित पवारांची राष्ट्रवादी २ (फलटण, वाई). आघाडी शून्य.

सांगली जिल्हा. २०१४ : भाजप ४, राष्ट्रवादी २, काँग्रेस १, शिवसेना १. २०१९ : राष्ट्रवादी ३ (इस्लामपूर, शिराळा, तासगाव-कवठेमहांकाळ), भाजप २ (मिरज, सांगली), काँग्रेस २ (पलूस-कडेगाव, जत), शिवसेना १ (खानापूर). २०२४ : भाजप ४ (मिरज, सांगली, शिराळा, जत), शरद पवार गट २ (इस्लामपूर, तासगाव-कवठेमहांकाळ), काँग्रेस १ (पलूस-कडेगाव), शिंदेंची शिवसेना १ (खानापूर).

आता तुमचा पहिला प्रश्न. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण शिंदेंना आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ अजित पवारांना दिलं. आयोगाच्या तक्त्यात त्यामुळे 'राष्ट्रवादी' आणि 'शिवसेना' ही मूळ नावं याच गटांपुढे येतात. तो तक्ता जसाच्या तसा उतरवला तर फलटण आणि वाई दोन्ही 'राखल्या' असं दिसेल. चिन्हाच्या हिशोबाने ते खरंही आहे, पण दोन्हीकडे घडलेली गोष्ट अगदी वेगळी आहे.

वाईत मकरंद पाटील २०१९ ला घड्याळावर आले, अजित पवारांबरोबर गेले, २०२४ ला पुन्हा घड्याळावर आले. माणूस तोच, चिन्ह तेच, बाजू बदलली. फलटणला दीपक चव्हाण निवडणुकीच्या तोंडावर घड्याळ सोडून तुतारीकडे (शरद पवार गटाच्या चिन्हाकडे) गेले आणि रणजितसिंह नाईक-निंबाळकर गटाचे सचिन पाटील घड्याळ घेऊन उभे राहिले. फरक १७,०४६ चा. चिन्ह तेच, पण मागचा गट थेट विरोधातला. या दोन्हींना एकच शब्द लावलात तर तक्ता सरळ खोटं बोलेल.

म्हणून प्रत्येक जागेसमोर चार रकाने ठेवा : २०१९ चं चिन्ह; २०२४ चा अर्ज भरताना विद्यमान आमदार कुठल्या गोटात; २०२४ चं विजयी चिन्ह; आणि माणूस तोच की दुसरा. 'युती विरुद्ध आघाडी' हा रंग दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यावरून ठरवायचा, पहिल्यावरून नाही.

चौथा रकाना भरला की गंमत कळते. साताऱ्यात ८-० म्हणजे सगळं उलटंपालटं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ८ पैकी ५ ठिकाणी २०१९ चाच आमदार परत आला : मकरंद पाटील, महेश शिंदे, जयकुमार गोरे, शंभूराज देसाई, शिवेंद्रसिंहराजे. विद्यमान आमदार पडले ते फलटण, कराड उत्तर (बाळासाहेब पाटील) आणि कराड दक्षिण (पृथ्वीराज चव्हाण) इथे. सांगलीत पडले दोन : शिराळ्यात मानसिंगराव नाईक, जतमध्ये विक्रमसिंह सावंत. तासगावला आमदार सुमनताई पाटलांच्या जागी रोहित पाटील आले, पण घर तेच आणि बाजूही तीच. १६ पैकी ५, एवढीच खरी पाडापाडी.

---

मिरज_जंक्शन

वरच्या यादीत एक गोष्ट तशीच निसटून गेली. सांगलीचे २०१४ आणि २०२४ चे आकडे शेजारी ठेवा. नुसती बेरीज सारखी नाही, जागासुद्धा त्याच! दोन्ही वेळा भाजपकडे मिरज, सांगली, शिराळा, जत, शिवसेनेकडे खानापूर, काँग्रेसकडे पलूस-कडेगाव, उरलेल्या इस्लामपूर आणि तासगाव-कवठेमहांकाळ राष्ट्रवादीच्या, २०२४ ला त्यातल्या शरद पवारांच्या. दहा वर्षांत नकाशा फिरून होता तिथे आला.

पण त्यावरून 'काही बदललंच नाही' असं लिहू नका. २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही ऐनवेळी तुटल्या होत्या, चार मोठे पक्ष स्वतंत्र लढले. २०२४ ला बहुतेक ठिकाणी सरळ सामना होता. २०१४ चा विजयी आकडा आणि २०२४ चा विजयी आकडा थेट ताडून बघणं निरर्थक आहे.

आता बंडखोरीची तपासणी. पद्धत साधी : पडलेल्या अधिकृत उमेदवाराच्या मतांत बंडखोराची शंभर टक्के मतं मिळवा. एवढं उदार होऊनही बेरीज विजेत्याच्या खाली राहिली, तर 'बंडखोरीमुळे पडले' हे वाक्य बाद. बेरीज वर गेली, तर वाक्य *शक्य* आहे एवढंच. सिद्ध होत नाही, कारण बंडखोराची सगळी मतं कधीच एका झोळीत पडत नाहीत.

सांगली २०२४ : भाजपचे सुधीर गाडगीळ १,१२,४९८. काँग्रेसचे पृथ्वीराज पाटील ७६,३६३. बंडखोर जयश्री पाटील ३२,७३६. खालच्या दोघांची बेरीज १,०९,०९९. तरी ३,३९९ कमीच. म्हणजे जयश्रीताईंचं एकूण एक मत हाताला पडलं असतं तरी जागा गेलीच असती. बंडखोरीने दोघांतलं अंतर ३६,१३५ पर्यंत फुगवलं, निकाल फिरवला नाही. (प्रचारातल्या हवेवर काय परिणाम झाला ते आकड्यात येत नाही, तो वाद पारावरच घाला.)

जत २०१९ : विक्रमसिंह सावंत ८७,१८४. भाजपचे विलासराव जगताप ५२,५१० आणि बंडखोर रवींद्र आरळी २८,७१५, मिळून ८१,२२५. इथेही बेरीज ५,९५९ ने खालीच.

शिराळा २०१९ मात्र कसोटीला उतरतं. मानसिंगराव नाईक १,०१,९३३. भाजपचे शिवाजीराव नाईक ७६,००२, बंडखोर सम्राट महाडिक ४६,२३९, बेरीज १,२२,२४१. विजेत्याच्या वीस हजार वर. २०२४ ला महाडिक रिंगणात नव्हते आणि भाजपचे सत्यजित देशमुख २२ हजारांहून जास्त मतांनी आले. आधीच्या बेरजेतला वरकड आणि नंतरचं मताधिक्य इतकं जवळ येणं हे क्वचितच घडतं. त्यावर सिद्धांत बांधू नका, पण 'मतविभागणीने गेलेली जागा' असा शेरा २०१९ च्या शिराळ्यापुढे बिनधास्त मारा.

---

येरळाकाठ

सांगलीचा हिशोब पटला. पण मग मताधिक्याचं काय करायचं? पलूस-कडेगावला विश्वजित कदमांचं मताधिक्य १,६२,५२१ वरून ३०,०६४ वर आलं. इस्लामपूरला जयंतरावांचं ७२,१६९ वरून १३,०२७. फलकावर हे असंच लिहिलं तर दोघांचा पाया एकदम खचला असा अर्थ निघतो. निघू द्यायचा का?

---

मिरज_जंक्शन

पलूस-कडेगावला २०१९ हे वर्ष पाया म्हणून धरूच नका. ती जागा युतीत शिवसेनेला सुटली होती, भाजपचा देशमुख गट रिंगणातच नव्हता. सेनेला ८,९७६ मतं पडली आणि 'नोटा'ला २०,६३१. नोटा दुसऱ्या क्रमांकावर! त्याआधी २०१८ ची पोटनिवडणूक बिनविरोध. म्हणजे कदम-देशमुख अशी खरी कुस्ती त्याआधी झाली ती २०१४ ला. विश्वजितांचे वडील पतंगराव तेव्हा २४,०३४ ने आले होते. त्या पायावर ३०,०६४ ही घसरण नाही, वाढ आहे.

जाता जाता : नोटा हे वैध मत धरत नाहीत. त्यामुळे आयोगाच्या निकालात दुसरा क्रमांक सेनेच्या उमेदवाराचाच आहे आणि १,६२,५२१ हा फरकही त्याच्याशी काढलेला आहे. अनामत वाचवायला लागणारा एक-षष्ठांश हिस्साही वैध मतांवरच मोजतात, नोटा वगळून. टक्केवारी काढताना एका निवडणुकीत नोटा धरून आणि दुसरीत सोडून काढली की दशांशात घोळ होतो आणि तो शोधता शोधता डोकं फिरतं. काय धरलंय ते तक्त्याखाली लिहून टाका.

इस्लामपूर जरा वेगळं आहे. २०१९ ला जयंत पाटील १,१५,५६३, अपक्ष निशिकांत पाटील ४३,३९४, सेनेचे गौरव नायकवडी ३५,६६८. दोघा विरोधकांची बेरीज ७९,०६२. म्हणजे विरोध फुटलेला होता म्हणून फरक ७२,१६९ दिसला, एकत्र धरला तर ३६,५०१. २०२४ ला निशिकांत पाटील महायुतीतून घड्याळावर एकटे समोर होते : १,०९,८७९ विरुद्ध ९६,८५२. घसरण आहेच, पण ती ३६,५०१ वरून १३,०२७ अशी वाचावी. मताधिक्याशेजारी 'सर्व प्रमुख विरोधकांची बेरीज वजा जाता' असा एक रकाना घातला की पारावरचे निम्मे वाद मिटतील.

आणि इस्लामपूर, तासगाव इथल्या घड्याळाच्या मतांना 'अजित पवारांची मतं' म्हणू नका. निशिकांत पाटील भाजपचे जिल्हाध्यक्ष होते, संजयकाका पाटील भाजपचे माजी खासदार. दोघेही जागावाटपात घड्याळाच्या वाट्याला आलेल्या जागांवर तिकडून इकडे आले. चिन्ह उसनं, गट आपला.

---

कोयनेचं_पाणी

वरच्या बेरजेच्या पद्धतीला एक पुरवणी. ती उलट्या दिशेने, म्हणजे पुढच्या निवडणुकीचं भाकीत करायला वापरली की हमखास तोंडावर आपटते. कराड दक्षिण बघा. २०१९ : पृथ्वीराज चव्हाण ९२,२९६, भाजपचे अतुल भोसले ८३,१६६, अपक्ष उदयसिंह उंडाळकर २९,४०१. पुढे उंडाळकर गट काँग्रेसमध्ये आला. कागदावर चव्हाणांची शिदोरी १,२१,६९७ झाली. २०२४ ला प्रत्यक्षात मिळाली १,००,१५०. भोसले मात्र ८३,१६६ वरून १,३९,५०५ वर गेले.

लक्षात घ्या, चव्हाणांची मतं कमी झाली नाहीत, जवळजवळ आठ हजारांनी वाढली, आणि तरी ते ३९,३५५ ने पडले. म्हणून नुसत्या मतांच्या आकड्यावर 'जनाधार घटला' लिहू नका. मतदान वाढलं की पडणाऱ्याचीही मतं वाढतात. दोघांतला हिस्सा काढा : २०१९ ला दोघांच्या मिळून मतांत चव्हाण ५२.६ टक्के, २०२४ ला ४१.८ टक्के. जवळपास ११ टक्क्यांचा फरक. हा आकडा बोलतो.

तसंच कोरेगाव. दोन्ही वेळा पडलेले शशिकांत शिंदे ९५,२५५ वरून १,०१,१०३ वर गेले, पण फरक ६,२३२ चा ४५,०६३ झाला. माणला ३,०४३ चा ४९,६७५. काठावरच्या जागा अशा एकतर्फी होतात तेव्हा मतं समोरून तुटून आली की नव्याने केंद्रावर आली हे मतदारसंघाच्या बेरजेत कळत नाही. ते कळतं बूथवर.

---

आकडेमोड_विटा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, ते सगळ्यात किचकट आहे.

तुम्हाला हवा तो कागद म्हणजे 'फॉर्म २०', अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर निवडणूक आणि मतदारसंघनिहाय मिळतो. फलटण २५५ पासून सातारा २६२ पर्यंत आणि मिरज २८१ पासून जत २८८ पर्यंत असे आपले क्रमांक. यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती, नोटा किती, हे असतं.

अडचणी अशा. बऱ्याच फाइली स्कॅन केलेल्या असतात, त्यातून अक्षरओळख करून आकडे काढले की ३ चा ८ आणि १ चा ७ होतो. प्रत्येक ओळीची आडवी बेरीज छापील 'एकूण'शी आणि प्रत्येक पानाची उभी बेरीज पानाखालच्या आकड्याशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फॉर्मवर उमेदवाराचं नाव असतं, पक्ष बहुधा नसतो. त्यासाठी 'फॉर्म ७-अ', म्हणजे लढणाऱ्या उमेदवारांची यादी सोबत ठेवा. त्यात आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. रकान्यांची जागा दर निवडणुकीत बदलते ती त्यामुळे. 'मागच्या वेळी तिसरा रकाना काँग्रेसचा होता' म्हणून तसाच चिकटवला की संपलं. नामसाधर्म्याचे उमेदवारही सांभाळा. तासगावला २०२४ ला 'रोहित पाटील' एकाहून जास्त होते. वडिलांच्या नावासकट जुळवा.

सगळ्या केंद्रांची बेरीज उमेदवाराच्या जाहीर मतांशी जुळणार नाही. घाबरू नका, टपाली मतं शेवटी वेगळ्या ओळीत असतात. सैन्यातली मतं, निवडणूक कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरच्या आणि दिव्यांग मतदारांचं घरून झालेलं मतदान, सगळं त्यात. सातारा जिल्ह्यात फौजी घरं भरपूर, तेव्हा ही ओळ दुर्लक्ष करण्याइतकी लहान समजू नका. ती कुठल्याही गावात वाटून टाकू नका, 'टपाली' म्हणून स्वतंत्रच ठेवा.

आता जुळवणी. केंद्र क्रमांकावर २०१९ आणि २०२४ अजिबात जोडू नका. या निवडणुकांत एका केंद्रावर साधारण १,५०० मतदारांची मर्यादा होती. यादी वाढली की नवीन केंद्र निघतं आणि तिथून पुढचे सगळे क्रमांक सरकतात. विट्यातलं किंवा कराडातलं ११२ नंबरचं केंद्र पाच वर्षांनी भलत्याच शाळेत सापडेल. दोन्ही वर्षांच्या मतदान केंद्रांच्या याद्या घ्या, त्यात गाव आणि इमारतीचं नाव असतं. केंद्राऐवजी *गाव* हे एकक धरा, एका गावातली सगळी केंद्रं एकत्र मिळवा. शहरात मात्र प्रभाग आणि केंद्रांच्या हद्दी जुळत नाहीत, तिथे शाळेच्या इमारतीवर समाधान मानावं लागतं.

आणि तालुका म्हणजे मतदारसंघ नव्हे. विसापूर मंडळ तासगाव तालुक्यातलं, पण मतं खानापूर मतदारसंघात. कसबे डिग्रज मिरज तालुक्यात, मतदान इस्लामपूरला. जावळी तालुका सातारा मतदारसंघात. वाई मतदारसंघात खंडाळा आणि महाबळेश्वरही. फलकावर तालुक्याचा नकाशा रंगवलात तर चुकलाच म्हणून समजा.

---

माणदेशी_माणूस

दोन गोष्टी जोडतो. कोणीतरी नक्की म्हणेल की २००४ पासून दाखवा. नका दाखवू. २००९ ला मतदारसंघांची फेररचना लागू झाली. त्याआधी साताऱ्यात १० जागा होत्या, खटाव आणि जावळी वेगळे होते. सांगलीत ९ होत्या, कवठेमहांकाळ स्वतंत्र आणि भिलवडी-वांगी नावाचा मतदारसंघ होता. राखीव जागाही हलल्या : माणचं आरक्षण गेलं, फलटणला आलं, जतचं गेलं, मिरजेला आलं. सुरेश खाडे जतहून मिरजेला आले ते त्यामुळेच. २००९ दाखवायचंच असेल तर साताऱ्यात वाई, माण, कराड उत्तर तिन्ही 'अपक्ष' आहेत हे ध्यानात ठेवा; नुसती पक्षांची बेरीज वाचणाऱ्याला तिथे काहीच कळत नाही.

दुसरं, लोकसभेशी तुलना. फलटण आणि माण माढा लोकसभेत, इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगल्यात. सातारा आणि सांगली लोकसभेत प्रत्येकी सहाच जागा येतात. २०२४ ला सांगलीत विशाल पाटील अपक्ष आले, लिफाफा चिन्हावर. ती मतं कुठल्या रकान्यात टाकणार? साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ ने आले आणि तुतारीशी गल्लत होणाऱ्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. तुतारीवाल्यांनी ती आपली चुकून गेलेली मतं म्हणून मोजली. किती चुकून आणि किती ठरवून, हे फॉर्म २० सांगत नाही. लोकसभेचा तक्ता वेगळ्या कागदावर करा.

---

येरळाकाठ

आभार सगळ्यांचे. चार रकाने आणि 'विरोधकांची बेरीज' घेतो. खानापूरचं तेवढं सांगा : अनिल बाबर जानेवारी २०२४ मध्ये गेले, पोटनिवडणूक झाली नाही. 'अर्ज भरताना आमदार कुठल्या गोटात' या रकान्यात काय लिहायचं?

---

कोयनेचं_पाणी

'रिक्त (शेवटचे आमदार : शिंदे शिवसेना)' असं लिहा. त्यांचा मुलगा सुहास बाबर त्याच चिन्हावर आले, म्हणून रंग तोच राहील, पण चौथ्या रकान्यात 'दुसरा' असंच येईल. तासगावलाही चौथ्यात 'दुसरा'च, घर एक असलं तरी. नातं लिहायचंच असेल तर शेरा म्हणून लिहा, नाहीतर 'माणूस तोच' मोजताना कोणीतरी मुलाला वडिलांत धरेल आणि साताऱ्याचे ५, सांगलीचे ४ (मिरज, सांगली, इस्लामपूर, पलूस-कडेगाव) ही बेरीज जुळणार नाही.